चिखलदऱ्यात मित्रासोबत दोन रात्री: घरगुती हॉटेल निवडण्यापासून घाट उतरण्यापर्यंत

नागपूर ते चिखलदरा अंतर सुमारे २३० किलोमीटर. सकाळी सहाला निघालेली गाडी वाटेत नाश्ता करूनही दुपारी बारापर्यंत वर पोहोचते. एवढं जवळ असल्यामुळे बहुतेक जण शनिवारी जाऊन रविवारी परततात, देवी पॉइंटपासून पंचबोलपर्यंत सगळं धावत उरकतात आणि सोमवारी थकलेले कामावर जातात. हा लेख त्या सहलीसाठी नाही. दोघा मित्रांना किंवा मैत्रिणींना खरोखर विसावायचं आहे आणि त्यासाठी एखाद्या कुटुंबाने चालवलेलं छोटं हॉटेल हवं आहे, असं धरून पुढचं सगळं लिहिलं आहे.

अशा हॉटेलात पाच-सात खोल्या असतात. मालक खाली राहतो, स्वयंपाक घरातलीच माणसं करतात, रात्री दहानंतर कुणी जागं नसतं. जे हवं ते आधी सांगितलं तर मनापासून मिळतं. आयत्या वेळी मागितलं तर घरातल्यांची तारांबळ उडते आणि तुमचीही चिडचिड होते. म्हणून निघण्याआधी दोन बोलणी नीट व्हायला हवीत, एक मित्राशी आणि एक मालकाशी. बाकीची तयारी त्यानंतरची.

आधी मित्राशी बोला

‘जाऊ या, मस्त आराम करू’ एवढ्यावर थांबू नका. एकाचा आराम म्हणजे सकाळी नऊपर्यंत झोप, दुसऱ्याचा म्हणजे पहाटे साडेपाचला दरीच्या काठावर चहा. दोन्ही चालतं, पण आधी माहीत असलं पाहिजे. उठण्याची वेळ, रोज किती चालायचं, ऑफिसचे फोन घ्यायचे की नाही, दारू प्यायची की नाही, एवढं तरी विचारून घ्या. कुणी जोरात घोरत असेल तर सरळ दोन खोल्या घ्या. मधल्या वारी दुसरी खोली बहुधा सहज मिळते, आणि झोपेवर केलेला खर्च हा या सहलीतला सगळ्यात चांगला खर्च आहे.

पैशाचंही तेव्हाच ठरवा. दोघांनी सारखी रक्कम एका खात्यात टाकावी आणि सगळं त्यातून द्यावं. इंधनाचा अंदाज सोपा आहे: जाऊन-येऊन ४६०, वर फिरायला ४० धरले तर ५०० किलोमीटर. गाडी लिटरला १५ देत असेल तर ३३-३४ लिटर. गाडी ज्याची आहे त्याने इंधनाचा वाटा निम्माच द्यावा की कमी, हेही बोलून टाका. गाडीची झीज त्याच्याच माथी पडते.

रोज दोन-तीन तास एकमेकांपासून मोकळे ठेवा. एकाने वाचावं, दुसऱ्याने फिरून यावं. जुनी मैत्री असली तरी ६० तास सतत सोबत राहिलं की छोट्या गोष्टी खुपायला लागतात.

केव्हा जायचं

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर उंच, नागपूर ३१० मीटर. हवा दर १,००० मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होत जाते. म्हणजे या ८०० मीटरच्या फरकाने पाचेक अंशच कमी होतात. मे महिन्यात नागपूर ४५ वर असेल तर वर दुपारी ४० च्या आसपासच असणार. रात्र मात्र सुखाची जाते. ‘हिल स्टेशन’ या नावावर विसंबून उन्हाळ्यात महाबळेश्वरची अपेक्षा धरली तर निराशा होते. शिवाय एप्रिल-मेमध्ये वर पाण्याची टंचाई असते.

निव्वळ आरामासाठी ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबर हा काळ सगळ्यात चांगला. हिरवळ टिकून असते, दरी स्वच्छ दिसते, रात्री पातळ रजई पुरते. डिसेंबर-जानेवारीत कडाका असतो. थंडी सोसत असेल तरच जा. जुलै-ऑगस्टमध्ये धुकं इतकं दाटतं की कठड्यावर उभं राहूनही समोरची दरी दिसत नाही. पॉइंट बघायला आलेले हिरमुसतात, पण ज्यांना खिडकीत बसून पाऊस ऐकायचा आहे त्यांच्यासाठी हाच हंगाम. फक्त रविवार आणि १५ ऑगस्टच्या आसपासचे दिवस टाळा. घाटात गाड्यांची रांग लागते आणि गावात मोठ्या आवाजात गाणी चालू असतात. मंगळवारी जाऊन गुरुवारी परतणं सगळ्यात शांत.

एक रात्र पुरत नाही. पहिला दिवस प्रवासाचा शीण उतरण्यात जातो. दोन रात्री ही किमान मर्यादा, तीन मिळाल्या तर उत्तम.

मालकाला फोनवर काय विचारायचं

ऑनलाइन फोटोत खोली छान दिसते, पण खोलीचं तोंड कुठे आहे ते कळत नाही. म्हणून फोन कराच, आणि शक्यतो दुपारी तीन-चारच्या दरम्यान. सकाळी आणि जेवणाच्या वेळी घरातले कामात असतात. काका, काकू, दादा, ताई, जे वयाला शोभेल ते म्हणून बोला. घरच्या माणसाशी घरच्यासारखं बोललं की उत्तरंही खरी मिळतात.

पहिला प्रश्न खिडकीचा: दरीकडे आहे, रस्त्याकडे की स्वयंपाकघराच्या वर? स्वयंपाकघरावरच्या खोलीत सकाळी सहापासून भांड्यांचा आवाज आणि फोडणीचा ठसका येतो. पलंग दोन वेगवेगळे आहेत का, हे स्पष्ट विचारा. ‘डबल रूम’ म्हटलं की बऱ्याच ठिकाणी एकच मोठा पलंग देतात.

गरम पाण्याबद्दल ‘आहे का?’ असं विचारलं तर उत्तर नेहमी ‘आहे’ असंच येतं. विचारायचं ते असं: “काका, गिझर आहे, सोलर आहे की बंबातलं पाणी बादलीने देता? आणि किती वाजेपर्यंत?” प्रत्येकाची अडचण वेगळी. सोलर सलग ढगाळ हवेत थंड पडतो, म्हणजे ज्या दिवसांत गरम पाणी सर्वांत जास्त लागतं तेव्हाच दगा देतो. १५ लिटरच्या गिझरमधून ६० अंशाचं पाणी थंड पाण्यात मिसळून अंघोळीजोगं २८-३० लिटर होतं, म्हणजे दीड-दोन बादल्या. दोन किलोवॉटचा गिझर पुन्हा तापायला २०-२५ मिनिटं घेतो. दोघांनी लागोपाठ अंघोळीला गेलं की दुसऱ्याच्या अंगावर गार पाणी पडतं. मध्ये अर्धा तास सोडा. बंबाचं पाणी भरपूर आणि कढत असतं, पण त्याची वेळ घराची असते, ती पाळायची.

वीज जाते. इन्व्हर्टर आहे का, आणि त्यावर काय चालतं, हे विचारा. दिवा, पंखा, मोबाइल चार्जिंग एवढंच चालतं. गिझर चालत नाही. उन्हाळ्यात जात असाल तर पाणी नळाचं की टँकरचं हेही विचारून घ्या.

त्याच दिवशी मोठा ग्रुप, शाळेची सहल किंवा लग्नाचं वऱ्हाड उतरणार आहे का? हा प्रश्न लोक विसरतात आणि सगळी शांतता इथेच हुकते. असेल तर तारीख बदला.

जेवणाचं बोलताना शाकाहारी-मांसाहारी भांडी वेगळी आहेत का, दारू चालते का, रात्रीचं जेवण किती वाजेपर्यंत मिळतं, ते विचारा. काही घरांत खोलीत दारू चालत नाही. ते त्यांचं घर आहे. तिथे जाऊन लपूनछपून पिण्यापेक्षा दुसरं हॉटेल शोधलेलं बरं. मित्र आणि मैत्रीण असे दोघे जाणार असाल तर तेही फोनवरच सांगा. काही कुटुंबं अविवाहित जोडीला खोली देत नाहीत, आणि घाट चढून गेल्यावर दारातून परत फिरणं फार वाईट. ओळखपत्र दोघांचंही लागतं, एकाचं पुरत नाही.

आगाऊ रक्कम म्हणून एका रात्रीचे पैसे पुरेसे आहेत. यूपीआयवर पैसे पाठवण्याआधी पडद्यावर येणारं नाव मालकाने सांगितलेल्या नावाशी जुळतं का ते पाहा. कुणी घाई करून पूर्ण रक्कम मागत असेल तर थांबा. खऱ्या हॉटेलचे फोटो उचलून खोटी जाहिरात टाकणारे असतात. त्याच दिवशी काढलेला खोलीचा छोटा व्हिडिओ मागवा. खरा मालक दोन मिनिटांत पाठवतो. वर्षाला २० लाखांपेक्षा कमी उलाढाल असलेल्या अशा व्यवसायाला जीएसटी नोंदणीची सक्ती नसते, त्यामुळे साध्या पावतीवर जीएसटी नसला तर शंका घेऊ नका. उलट नोंदणी क्रमांक नसताना जीएसटी लावला असेल तर विचारा.

भाव पाडायचाच असेल तर ‘मधल्या वारी तीन रात्री राहिलो तर काय जमेल?’ असं विचारा. रिकामी राहणारी खोली भरत असेल तर मालक आपणहून कमी करतो. जेवणाच्या ताटावर घासाघीस करू नका, तिथे त्यांना फारसं सुटत नाही.

सामान

आपापली एक चादर आणि उशीची खोळ. विजेरी. रोख पैसे, कारण नेटवर्क गेलं की यूपीआय गेलं. मेळघाटात नेटवर्क मधूनमधून गायब होतं, म्हणून रस्त्याचा नकाशा आधीच मोबाइलमध्ये उतरवून ठेवा आणि हॉटेलचा नंबर कागदावर लिहा. पावसाळ्यात छत्री वाऱ्याने उलटते, रेनकोटच लागतो. त्या दिवसांत धुतलेले कपडे दोन दिवसांतही वाळत नाहीत, तेव्हा मोजांचे दोन जोड आणि एक पँट जास्तीची घ्या.

रस्ता आणि घाट

नेहमीचा मार्ग कोंढाळी, तळेगाव, तिवसा, अमरावती, परतवाडा. समृद्धी महामार्गाने जाऊन अमरावतीच्या बाजूला उतरता येतं, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे आणि लांब सरळ रस्त्यावर टायर तापतात. हवा आणि टायरची झीज निघण्याआधी तपासा. नाश्ता कोंढाळी-तळेगावच्या पट्ट्यात आटपा. तर्री पोह्यांचा मोह कितीही झाला तरी तर्री कमी घ्या. तेलकट-तिखट पोटात घेऊन वळणं चढली की मळमळतं. ओकारीची गोळी घ्यायची तर घाटात शिरल्यावर घेऊन उपयोग नाही, तासभर आधी घ्यावी. तिने गुंगी येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने घेऊ नये.

बसने जाणाऱ्यांनी नागपूरहून अमरावती गाठावी, रेल्वे असेल तर बडनेरा. तिथून एसटीने परतवाडामार्गे वर. शेवटच्या गाडीची वेळ मालकालाच विचारा, त्याला रोजचं ठाऊक असतं.

परतवाड्यात टाकी भरा, एटीएममधून पैसे काढा, औषधं घ्यायची राहिली असतील तर घ्या. इथून वर साधारण ३० किलोमीटर. एक रस्ता धामणगाव गढीवरून, दुसरा घटांगवरून जातो. दोन्हीपैकी सध्या कोणता बरा आहे हे परतवाड्यातून फोन करून विचारा; पावसाळ्यात दरड किंवा पडलेलं झाड असू शकतं. अरुंद ठिकाणी चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची असते, कारण चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलवणं अवघड जातं. धुक्यात दिवा खालच्या झोतावर ठेवा. वरचा झोत धुक्यावर आदळून डोळ्यांवरच येतो. गावात शिरताना नाक्यावर पर्यटक कराची पावती घ्यावी लागते, सुट्टे पैसे हाताशी ठेवा. अंधार पडल्यावर घाट चढू नका. हे मेळघाटचं जंगल आहे. अस्वल, गवा, बिबट्या रस्त्यावर येतात.

पोहोचल्यावर पहिली दहा मिनिटं

बॅग उघडण्याआधी खोली पाहा. गादीच्या मधोमध आणि भिंतीकडच्या कडेला हाताचा तळवा दाबून धरा. ओल असेल तर गार लागते. रजईला कुबट वास येत असेल तर लगेच सांगा, ऊन असेपर्यंत बदलून किंवा वाळवून मिळते. रात्री दहाला सांगून काही होत नाही. नळ, कडी, प्लग, खिडकीची जाळी पाहून घ्या. बाहेर जाताना खिडकी बंद करा, माकडं आत शिरून खाण्याच्या पिशव्या फाडतात.

आता सर्वांत महत्त्वाचं. थंडीत शेकोटीची हौस म्हणून पेटते कोळसे असलेली शेगडी बंद खोलीत कधीच घेऊ नका. कोळसा अर्धवट जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होणं, चक्कर, मळमळ ही लक्षणं प्रवासाच्या थकव्यासारखी वाटतात आणि माणूस झोपी जातो. झोपेतच जीव जाऊ शकतो. बाथरूममध्ये गॅसचा गिझर असेल तर हाच धोका. वरची झडप किंवा खिडकी उघडी आहे का पाहा, बादली भरून गिझर बंद करा आणि मगच अंघोळीला बसा. शेकोटी अंगणात पेटवा.

जेवण कसं सांगायचं

घरच्या स्वयंपाकघरात साठा नसतो. तुम्ही सांगाल त्यावर बाजार होतो. रात्रीचं जेवण दुपारी चारपर्यंत सांगा, आणि आकडा द्या: भाकरी किती, भात हवा का, तिखट कसं. कोंबडी हवी असेल तर सकाळीच. ‘काहीही चालेल’ असं म्हणू नका, त्याने पनीरची भाजी आणि जिरा राइस येतो, कारण पर्यटकांना तेच लागतं असा सगळ्यांचा समज झालेला आहे. पिठलं, ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा, पाटोडीचा रस्सा, वर सांबार (म्हणजे कोथिंबीर) भुरभुरवलेला, हे काकूंना रोजच्या हातचं असतं आणि तेच उत्तम होतं. कोरकू घरांतून कोदो-कुटकी पिकते. कुटकीचा भात करता का, असं एकदा विचारून पाहा.

चिखलदऱ्यात कॉफी पिकते, तिचा वासही घरातल्या कपात मिळू शकतो, मागितली तरच. रबडी मात्र बाजारात खा. दूध आटवून सायीचे थर काढलेली जाडसर रबडी इथली खासियत आहे.

दिवस कसा घालवायचा

पहिल्या दिवशी जेवून झोपा. पाऊण तासाचा गजर लावा. दोन तास झोपलात तर रात्री झोप येणार नाही. चहा घेऊन पायी जवळच्या एखाद्या पॉइंटवर जा. डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा पाचला निघावं आणि अंधाराच्या आत परतावं.

दुसऱ्या दिवशी एकच गोष्ट ठरवा. आमचं मत विचाराल तर गाविलगड. नागपूरकरांना तो जवळचा वाटायला हवा, कारण १८०३ मध्ये तो नागपूरकर भोसल्यांकडे होता. किल्लेदार बेनीसिंह लढता लढता पडला आणि १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेने किल्ला घेतला. उत्तरेची बाजू तेवढी डोंगराला जोडलेली. वेलस्लीच्या हाताखालच्या कर्नल स्टीव्हन्सनच्या सैन्याने डोंगरवाटांनी तोफा ओढत आणून तिथूनच तट फोडला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, दुसऱ्या रघुजी भोसल्यांना इंग्रजांशी देवगावचा तह करावा लागला. हे लक्षात ठेवून उत्तरेकडून आत शिरलात तर दोन तटांची रचना आपोआप उलगडते. सकाळी सातला निघा, साडेतीन-चार तास द्या. माणशी दोन लिटर पाणी, बंद बूट, काही खाणं. आत काही मिळत नाही. गवत वाढलेलं असताना पायवाट सोडू नका. तळ्यांच्या काठावर निसरडं असतं.

गड नको असेल तर भीमकुंड, किंवा काहीच नाही. मेळघाटच्या जंगलातलं सेमाडोह, कोलकास, सफारी ही वेगळी सहल आहे. तिला या दोन दिवसांत कोंबलं की अर्धा दिवस जीपमध्ये जातो. दुपार घराच्या ओसरीवर घालवा. मालकाला वेळ असेल तर बोलेल, नसेल तर खुर्ची तुमचीच आहे. घरातल्या मुलांचे, बायकांचे किंवा वाटेतल्या कोरकू गावातल्या माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

निघताना

बिल आदल्या रात्री मागा. सकाळी घर नाश्त्याच्या गडबडीत असतं. काही खटकलं असेल तर ते ऑनलाइन लिहिण्याआधी तोंडावर सांगा. बहुतेक गोष्टी पुढच्या पाहुण्याच्या आत दुरुस्त होतात. स्वयंपाकाला किंवा झाडझुडीला बाहेरची बाई येत असेल तर बक्षिसी तिच्या हातात द्या.

रबडी न्यायची असेल तर निघायच्या सकाळी ताजी घ्या, स्टीलच्या डब्यात, भोवती बर्फाची पिशवी. पाच-सहा तासांचा रस्ता आहे. घरी पोहोचताच फ्रिजमध्ये आणि त्याच दिवशी संपवा. उन्हाळ्यात नेऊच नका.

घाट ज्या गिअरमध्ये चढलात, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. गाडी न्यूट्रलमध्ये सोडून सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापतात आणि दाबूनही गाडी थांबत नाही. जळका वास आला तर सुरक्षित जागी गाडी लावून २०-३० मिनिटं थांबा. तापलेल्या ब्रेकवर पाणी ओतू नका, चकती वाकते किंवा तडकते. ऑटोमॅटिक गाडी असेल तर खालचा गिअर हाताने निवडा.

परतीला अमरावतीची गर्दी नको असेल तर परतवाड्याहून चांदूर बाजार, मोर्शी, वरुड, काटोल असं येता येतं. ऑक्टोबर ते डिसेंबरात आंबिया बहाराची आणि फेब्रुवारी-मार्चात मृग बहाराची संत्री या पट्ट्यात मिळतात. हा रस्ता काही ठिकाणी अरुंद आहे आणि संत्र्यांच्या हंगामात ट्रक असतात, म्हणून वरून सकाळी दहापर्यंत निघा, म्हणजे काटोल उजेडात पार होतं.